पोतनीस मास्तरांचं गाव

उज्जैनच्या कार्तिक चौकातले तात्या पोतनीस ठाम सांगत की जगातली निम्मी भांडणं तीन प्रश्नांच्या घोळामुळे होतात. तू जन्मलास कुठे? तू राहतोस कुठे? आणि तुझं गाव कोणतं? प्रश्न तीन आहेत, तेव्हा उत्तरंही तीन हवीत. पण लोक तिन्हीला मिळून एकच उत्तर देतात, किंवा पहिल्याचं उत्तर तिसऱ्याला चिकटवतात, आणि वर आपल्यालाच विचारतात, "फरक क्या पड़ता है, मास्साब?" हे ऐकलं की तात्यांच्या कपाळावरची शीर तटतटायला लागे.

पूर्ण नाव गोपाळकृष्ण सदाशिव पोतनीस. सरकारी मिडल स्कूलमध्ये ते पंचवीस वर्षं भूगोल शिकवत आले होते. नोकरीला लागले तेव्हा पगार ग्वाल्हेर दरबारचा होता. मग मध्यभारत झालं, त्याची राजधानी उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला असे, त्यामुळे शाळेने लिहिलेली पत्रं सहा महिने भलत्याच गावी पडून राहत. मग छप्पन्न साली मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. एवढ्या काळात तात्यांनी स्वतः फक्त वर्गाची खोली बदलली होती, तीही छप्पर गळत होतं म्हणून. दर वेळी भिंतीवरचा नकाशा खोटा ठरे आणि नवा येईपर्यंत दोन वर्षं जात. मधल्या काळात पोरांना काय शिकवायचं, हे सांगायला कोणी बसलेलं नव्हतं. तात्या खडूने जुन्या नकाशावर नव्या सीमा काढत आणि इन्स्पेक्टर येऊन म्हणत, "सरकारी नक्शे पर लकीरें किसने खींचीं?"

वर्गात त्यांची एक आवडती शिकवण होती. माणूस आपली जागा सोडून का जातो? पोटासाठी, पाण्यासाठी, नाही तर भीतीपोटी. बस्स, चौथं कारण नाही. हे त्यांनी एकदा जेवताना घरातही सांगितलं, तेव्हा त्यांच्या पत्नी विनोदिनीबाई आमटी वाढता वाढता थांबल्या.

"आणि आम्ही? मी देवासहून इथे आले ती काय पाण्यासाठी आले?"

"ते वेगळं. ते लग्न."

"अहो, निम्मी दुनिया बायकांची आहे. निम्मी दुनिया लग्न करून हलते नं. तुमच्या पुस्तकात तिचा हिसाबच नाही?"

तात्यांनी "ते हलणं नव्हे, ते जाणं," असं काहीतरी उत्तर दिलं. ते त्यांना स्वतःलाच पटलं नाही आणि त्या रागात त्यांनी ताक सांडलं. पण शिकवण काही बदलली नाही. पुढच्या वर्षीही कारणं तीनच होती.

एक्कावन्न सालच्या फेब्रुवारीत खानेसुमारीचं, म्हणजे माणसं मोजण्याचं, काम आलं. सरकारने मास्तरांना धरलं, कारण मास्तर फुकट मिळतात. बाकीचे मास्तर कुरकुरले. तात्या मात्र मनातून खूश होते. आपले तीन प्रश्न सरकारी शिक्क्यानिशी दारोदार विचारायला मिळणार, याहून मोठं भाग्य काय! हे भाग्य पहिल्याच दिवशी, भैरवगढला, संपलं.

तिथे छीपे राहतात, लाकडी ठशांनी कापडावर छापकाम करणारे. दारादारांतून ओल्या चादरी आणि हिरवे-काळे हात. एका म्हाताऱ्याला तात्यांनी विचारलं, जन्म कुठला? "यहीं को." मुलांचा? "यहीं का सब." तात्यांनी लिहिलं. तेवढ्यात आतून सून ओरडली की मोठा मुलगा तिच्या माहेरी झाला, पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, मास्साबना एवढंही कळत नाही का. तात्यांनी खोडलं आणि शाजापूर जिल्हा लिहिला. शेजारच्या घरातही तेच. त्याच्या शेजारीही तेच. दोन गल्ल्या संपेपर्यंत तात्यांच्या लक्षात आलं की सरकारी हिशेबात भैरवगढचा प्रत्येक थोरला मुलगा परगावाहून आलेला ठरणार आणि धाकटे सगळे इथले. दिल्लीत बसलेला कोणी साहेब हे आकडे पाहून म्हणणार, काय हो ही उज्जैन, एवढी माणसं बाहेरून येऊन राहतात! तात्यांनी सुपरवायझरला चिठ्ठी लिहून हा दोष कळवला. सुपरवायझरने उत्तर पाठवलं, "जैसा छपा है वैसा भरो."

सगळ्यात जास्त डोकं पिकवलं ते फ्रीगंजमधल्या टेकचंदने. सिंधमधून उठून आलेला माणूस. एका खोलीत सहा जण, बाहेर फळीवर कंगवे, आरसे, नाडे मांडलेले. विस्थापितांसाठी खानेसुमारीच्या छापील चिठ्ठीवर वेगळा रकाना होता, म्हणून तात्यांनी नीट बसून विचारलं.

"जन्म?"

"शिकारपुर."

"राहता?"

"यह खोली, मास्टर साहब. देख तो रहे हो."

"आणि गाव? अपना गाँव कौन-सा?"

"उज्जैन."

तात्यांनी टाक खाली ठेवला. "अहो, आप तीन साल पहले आए हो. रेल से. तीन साल में गाँव नहीं होता."

"कितने साल में होता है?"

हा प्रश्न तात्यांना कोणी कधी विचारला नव्हता. चिठ्ठीवर गावाचा रकाना नव्हताच. तो तात्या स्वतःच्या पदरचा विचारत होते. तरी ते अर्धा तास भांडले. गाव म्हणजे जिथली माती आपल्या रक्तात आहे, जिथे आपला देव आहे, जिथे आपले वाडवडील... टेकचंदने सगळं ऐकून घेतलं, एक कंगवा गिऱ्हाइकाला दिला आणि म्हणाला, "मास्टर साहब, जहाँ से मार के निकाला, उसको गाँव कैसे बोलूँ? और जहाँ रोटी मिली उसको क्या बोलूँ, धर्मशाला?" तात्या कागद गुंडाळून उठले. या माणसाला भूगोल कळत नाही, असं ते घरी येऊन तीन वेळा म्हणाले.

स्वतः तात्यांना हा घोळ कधीच झाला नाही. जन्म उज्जैनचा, राहणं उज्जैनचं, आणि गाव? मौजे हिवरखिंड, तालुका वाई, जिल्हा सातारा. कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी हेच. शिंद्यांच्या फौजेबरोबर खजिना सांभाळायला जो पहिला पोतनीस माळव्यात आला, तो तिथला. त्याला दोनशे वर्षं व्हायला आली होती. त्यानंतर घरातल्या कोणी हिवरखिंडीचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तात्या स्वतः चौतीस साली पुण्याला एका लग्नाला गेले असताना हट्टाने वाईपर्यंत पोचले होते, पण नदीला पूर होता आणि पुढे सहा कोस पायी जायचं होतं. दोन दिवस धर्मशाळेत बसून, समोरचे डोंगर बघून, सर्दी घेऊन परत आले. पण शाळेचा दाखला असो, विम्याचा कागद असो, घरातल्या पुरुषांनी कागदावर गाव लिहायचं ते हिवरखिंड. आजोबा तसंच लिहीत, वडील तसंच लिहीत. एकट्या पोतनिसांचीच ही रीत होती असं नाही, चौकातली दहा मराठी घरं असंच करत. कोणी राजापूर लिही, कोणी पैठण. लोकांनी विचारलं की "तुम्ही कुठले?" तर क्षिप्रेत रोज आंघोळ करणारा माणूस सांगायचा, "आम्ही मूळचे संगमेश्वरचे." त्यात खोटं काय होतं?

खोटं काही नव्हतं, पण सत्तावन्न सालच्या जूनमध्ये ते चांगलंच नडलं.

तात्यांची एकुलती एक मुलगी प्रतिभा इंटर सायन्स पास झाली. नुसती पास नव्हे, मुलींत पहिली. तिला डॉक्टरी करायची होती, हे ती दहा वर्षांची असल्यापासून सांगत होती आणि आता इंदूरला जागा मिळण्याइतके मार्कही होते. आत्या ग्वाल्हेरहून एका इंजिनिअर मुलाचं स्थळ घेऊन बसली होती. विनोदिनीबाईंनी नणंदेला एका वाक्यात थोपवलं होतं, "यंदा जागा नाही मिळाली तर बघू." म्हणजे यंदा जागा नाही मिळाली तर लग्न, हे तिघांनाही ठाऊक होतं. प्रतिभा रोज पोस्टमनच्या वेळेला पुढच्या दारात येऊन उभी राहायची.

फॉर्म तात्यांनी भरला होता. अक्षर कोरीव, एक खाडाखोड नाही. एक रकाना होता, 'मूल निवास-स्थान'. तिथे त्यांनी लिहिलं होतं: मौजे हिवरखिंड, तालुका वाई, जिल्हा सातारा. वाई तालुका आता उत्तर साताऱ्यात आहे हे त्यांना माहीत होतं, पण सातारचे दोन तुकडे त्यांना मान्य नव्हते, म्हणून 'उत्तर' लिहिलं नाही.

पोस्टकार्ड आलं. छापील. अर्जदार परप्रांताची रहिवासी असल्याने तिचा विचार परप्रांतीयांच्या जागांत केला जाईल. त्या जागा भरल्या आहेत. आक्षेप असल्यास तहसिलीचा निवासी दाखला पंधरा जुलैच्या आत सादर करावा.

प्रतिभाने कार्ड दोनदा वाचलं आणि आईच्या हातात दिलं. विनोदिनीबाईंनी वाचलं आणि त्यांनी नवऱ्याकडे जे बघितलं, ते बघणं तात्यांना पुढे पुष्कळ दिवस पुरलं.

"परप्रांतीय?" तात्या ओरडले. "माझी मुलगी? जी इथल्या शाळेत, इथल्या कॉलेजात..."

"तुम्ही लिहिलं काय फॉर्मवर?"

"जे खरं आहे ते! विचारलं मूल स्थान. मूल म्हणजे मूळ. मूळ गाव हिवरखिंड. यात चूक दाखव."

"चूक काही नाही. पोरीची जागा गेली, बस. बाकी सगळं बरोबर आहे."

"तात्या," प्रतिभा म्हणाली, "तुम्ही उज्जैन लिहून द्यायचं होतं नं."

"उज्जैन राहण्याचं ठिकाण आहे. तो रकाना खाली होता. तिथे लिहिलंय मी उज्जैन."

बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कळलं. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तोसुद्धा सुंदर अक्षरात.

तहसील कचेरीत नागर बाबू म्हणून कारकून होते. भला माणूस, पण कायद्यापुढे त्याचं काही चालत नसे आणि कायदा त्याला फार आवडे. त्यांनी कार्ड वाचलं, फॉर्मची नक्कल वाचली, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं.

"मास्साब, आपको तो सारा शहर जानता है. पण आप खुद लिख रहे हो कि मैं सातारा का हूँ. अब मैं कैसे लिखूँ कि नहीं हैं?"

"हमारे यहाँ गाँव ऐसेही लिखते हैं, भाई! दो सौ साल से लिखते आए हैं."

"तो दो सौ साल से आप लोग वापस जाने का इरादा रखते हैं?"

"वापस? कौन वापस जा रहा है?"

"यही तो साबित करना है." नागर बाबूंनी बोटावर मोजून सांगितलं. एक, दहा वर्षं इथे राहत असल्याचे दोन साक्षीदार. दोन, मूळ ठिकाणी घर, जमीन, वतन काही नाही आणि त्या ठिकाणाशी संबंध उरलेला नाही, असा तिथल्या तलाठ्याचा लेखी जबाब. "सम्बन्ध-विच्छेद का प्रमाण. साहब इसके बिना दस्तखत नहीं करेंगे."

तात्यांना वाटलं, कानशिलात द्यावी. नागर बाबूंच्या नव्हे. कोणाच्या, ते त्यांना ठरवता येईना. ज्या गावी आपण कधी गेलो नाही, त्या गावाने आपल्याला सोडलं असल्याचा पुरावा आणायचा! एखादा वेड्यांचा बाजार असावा तशी ही कचेरी, आणि आपण त्या बाजारात पिशवी घेऊन उभे.

दोन साक्षीदारांपैकी एक हेडमास्तर मिळाले. दुसऱ्यासाठी विनोदिनीबाई म्हणाल्या, टेकचंदला विचारा. टेकचंदचं आता फ्रीगंजात पक्कं दुकान होतं आणि विनोदिनीबाई बांगड्या तिथूनच घेत. तात्या म्हणाले, "त्याला इथे येऊन दहा वर्षं झाली नाहीत, तो माझ्या दोनशे वर्षांची काय साक्ष देणार?" पण दुसऱ्या दिवशी गेले. जातील नाही तर काय करतील.

टेकचंदने दुकानाच्या मागून एक पत्र्याची पेटी काढली. आत कागद होते, जाडजूड, दोऱ्याने बांधलेले: कॅम्पचा दाखला, दुकानाचा दाखला, मतदार यादीची नक्कल, घराच्या भाड्याच्या पावत्या. "मास्टर साहब, काग़ज़ का शास्त्र हमसे सीखो. हमको तो हर महीने साबित करना पड़ा कि हम हैं." साक्षीसाठी किती वर्षांची ओळख लागते, हे विचारून घेऊन तो म्हणाला की सहा वर्षांची माझी आहे, बाकी चार वर्षांची माझ्या घरमालकाची लावू, तो जन्मापासून इथला आहे. मग शेवटी घरमालकालाच साक्षीला घेतलं. टेकचंदने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र कामाची होती. "चिट्ठी घर के पते पर मत मँगाना. स्कूल के पते पर मँगाओ. सरकारी पता देखेंगे तो जल्दी जवाब देंगे."

त्याच संध्याकाळी तात्यांनी हिवरखिंडीला पत्र लिहिलं. कामकाजाचं पत्र, दहा ओळींचं. पण ते लिहायला त्यांना दोन तास लागले. 'गावकामगार तलाठी यांस, मौजे हिवरखिंड.' आयुष्यात पहिल्यांदा त्या गावच्या जिवंत माणसाला ते काही लिहीत होते आणि लिहीत होते ते हे, की कृपा करून आमचं तिथे काही नाही असं लिहून द्यावं. दोन मसुदे फाडले. प्रतिभा येऊन म्हणाली, "तात्या, टपाल निघून जाईल." तिच्यावर ओरडले आणि मग स्वतःच धावत जाऊन पेटीत टाकून आले.

दिवस जात होते. जुलैची एक तारीख झाली, पाच झाली. आत्याचं ग्वाल्हेरहून पत्र आलं की मुलाकडचे विचारून राहिले आहेत. विनोदिनीबाईंनी ते पत्र देवघरात शंखाखाली ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. तात्या वर्गात नकाशापुढे उभे राहत आणि सातारा जिल्हा समोर आला की छडी पटकन खाली कोकणात सरकवत.

आठ तारखेला शाळेत पत्र आलं. पातळ पिवळा कागद, आणि मजकूर मोडीत. तलाठी जुना माणूस असावा. शाळेत दुसऱ्या कोणाला मोडी येत नव्हती, घरातही नाही. तात्यांना वडिलांनी छडी मारून शिकवली होती, पोतनिसांच्या पोराला मोडी येत नाही म्हणजे काय, म्हणून. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात बसून त्यांनी ते वाचलं.

'आपले पत्र पावले. गावचे दफ्तर जुने पाहिले. पोतनीस या आडनावाचे घर, शेत, वतन, पड जागा काही एक नाही. वृद्ध मंडळींस बोलावून विचारिले. सदर आडनावाचे कुटुंब या गावी कधी नांदल्याचे कोणाचे ऐकिवात नाही.'

तात्यांनी इथे थांबून चष्मा पुसला. हवं होतं ते सगळं मिळालं होतं, मागितलं त्याहून जास्त. ऐकिवातही नाही! एवढं तर त्यांनी मागितलं नव्हतं. दोनशे वर्षं ज्या गावाचं नाव घरातल्या प्रत्येक कागदावर कोरून लिहिलं, त्या गावात कोणाला आपली ऐकीव गोष्टसुद्धा माहीत नाही. त्यांना इतका राग आला की खडूचा तुकडा त्यांनी भिंतीवर फेकून मारला.

मग खाली अजून मजकूर होता तो वाचला.

'तथापि एक गोष्ट कळवितो. आमचे भैरोबाचे नावे उज्जैन मुक्कामाहून लग्नाची पत्रिका टपालाने येते. पुजाऱ्याकडे अशा पाच आहेत, पैकी एक फार जुनी. पाठविणारे पोतनीस कोण, हे गावात कोणास ठाऊक नव्हते. परंतु पत्रिका आली म्हणजे ती देवापुढे वाचून दाखवितात आणि लग्नाचे दिवशी देवास पुरणाचा नैवेद्य करितात, कारण वऱ्हाड येवो न येवो, आमंत्रण देवाला आहे. ते आपणच असाल असे वाटते. आपले घरी पुढे कार्य निघाल्यास पत्रिका पाठविण्यास चुकू नये. गाव वाट पाहते.'

ही पोतनिसांची जुनी रीत होती. पहिली पत्रिका चिंतामण गणपतीला, दुसरी हिवरखिंडीच्या भैरोबाला. तात्यांच्या वडिलांच्या लग्नाची गेली होती, तात्यांची गेली होती, भावाची आणि दोन बहिणींची गेली होती. कोणी पोच मागितली नव्हती. पेटीत टाकायची आणि विसरायची, देवाचं काम म्हणून. तात्यांच्या लग्नाच्या दिवशी, उज्जैनीत पंगती उठत असताना, तिकडे डोंगरात कोणी अनोळखी बाईने पुरण वाटलं होतं, हे त्यांना सव्वीस वर्षांनी समजलं. ते शाळेच्या बाकावर बसून रडले. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा तोंड पुसलं आणि आलेल्या पोरांवर उगीचच डाफरले.

घरी त्यांनी फक्त एवढं सांगितलं की उत्तर आलं, उद्या तहसिलीत जायचं, प्रतिभाने बरोबर यावं.

नागर बाबूंनी कागद उलटा धरला, सुलटा धरला. "यह क्या है मास्साब? कीड़े-मकोड़े?"

"मोडी है. पुरानी मराठी लिपि."

"तो हिंदी तर्जुमा लगेगा. कौन पढ़ेगा?"

"यहाँ मेरे सिवा कोई नहीं पढ़ सकता."

"तो आप ही बोलिए, मैं लिखता हूँ. आप अध्यापक हैं, आपका सही माना जाएगा. नीचे दस्तखत कर दीजिए कि अनुवाद पूरा और सच्चा है."

तात्या बोलू लागले. पोतनीस या आडनावाचं घर नाही, शेत नाही, वतन नाही. नागर बाबू लिहीत होते. असं कुटुंब इथे कधी राहिल्याचं कोणाच्या ऐकण्यात नाही. "वाह," नागर बाबू म्हणाले, "यह तो एकदम पक्का है." प्रतिभा बाजूला उभी होती. वडील हे वाक्य कसं उच्चारतात ते तिने ऐकलं आणि ती खाली बघायला लागली.

तात्या थांबले.

"आगे?" नागर बाबूंनी टाक शाईत बुडवला. "काग़ज़ तो आधा बाकी है."

खानेसुमारीत ज्या माणसाने एका बाईच्या ओरडण्यावरून आख्खी चिठ्ठी खोडून पुन्हा लिहिली, ज्याने पंचवीस वर्षं पोरांना सांगितलं की कागदावर जे आहे ते आणि तेवढंच, तो माणूस त्या पिवळ्या कागदाकडे बघत उभा होता. खालच्या सात ओळी वाचल्या तर संबंध आहे. गाव वाट पाहते, म्हणजे संबंधच आहे, दुसरं काय? साहेब सही करणार नाहीत. पंधरा तारखेला सहा दिवस उरले होते.

"मास्साब? आगे क्या लिखा है?"

"आगे कुछ नहीं," तात्या म्हणाले. "नमस्कार-चमत्कार है. कामाचं काही नाही."

"तो बस?"

"बस."

नागर बाबूंनी खाली रेघ मारली. तात्यांनी सही केली: अनुवाद पूरा और सच्चा. सही नेहमीसारखी आली नाही, पोतनीसमधला 'स' वाकडा झाला. मूळ पत्र टाचणी लावून फायलीत गेलं. तात्यांनी ते परत मागितलं, तर नागर बाबू म्हणाले की मूळ कागद दफ्तरातच राहतो, आणि आता त्या गावाच्या कागदाचं तुम्हाला काय काम? दुपारी चारला दाखला हातात पडला. देवास गेटवरून पाचची मोटार पकडून प्रतिभा काकाबरोबर इंदूरला गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली ती जागेचा कागद घेऊनच.

त्या रात्री विनोदिनीबाईंनी शिरा केला. आत्याचं पत्र शंखाखालून काढून चुलीत घातलं. तिघं पानावर बसली तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, सुटलं एकदाचं. पण अहो, त्या हिवरखिंडीवाल्यांनी लिहिलं तरी काय होतं? तुम्ही काही बोललाच नाहीत."

तात्यांनी घास खाली ठेवला.

"लिहिलं की आपल्या पत्रिका पोचतात," ते म्हणाले. "सगळ्या. देवापुढे वाचतात. आपल्या लग्नाच्या दिवशी तिथे पुरणाचा नैवेद्य होता. आणि म्हणाले, प्रतिभाच्या लग्नाची पाठवायला चुकू नका. गाव वाट पाहतंय."

विनोदिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढं लिहिलं? आणखी?"

"आणखी काही नाही. एवढंच."

प्रतिभाने मान वर करून वडिलांकडे बघितलं. काल कचेरीत जे तिने ऐकलं होतं त्यातला एक शब्दही यात नव्हता, आणि आज जे ऐकलं त्यातला एकही काल नव्हता. ती काही बोलणार तेवढ्यात तात्या तिच्यावर खेकसले.

"बघतेस काय? शिरा गार होतोय. जेव."